आईच्या नावावरचं पाणी

सगळ्यात आधी गवताला कळलं. घरामागच्या अंगणात ते सगळीकडे पिवळं पडलं होतं, आणि एकाच ठिकाणी, जेवणाच्या टेबलाएवढ्या गोल तुकड्यात, हिरवंगार आणि गुडघ्यापर्यंत वाढलेलं होतं. वहिनी म्हणाली, बघा, आपल्या हातूनही काहीतरी उगवतं. मी खाली बसून मातीत बोट घातलं. माती ओली होती. आधी साबणाचा वास आला आणि त्याच्या मागून दुसरा.

त्या गवताखाली आमचा शोषखड्डा आहे. गटाराची मोठी नळी आमच्या रस्त्यापर्यंत अजून पोचलेली नाही. त्यामुळे घरातलं सगळं सांडपाणी मागच्या सेप्टिक टँकमध्ये जातं, तिथून खड्ड्यात आणि खड्ड्यातून जमिनीत मुरतं. मी माती आणि पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुसऱ्यांच्या विहिरी आणि दुसऱ्यांची शेतं याबद्दल मला बरंच सांगता येतं. स्वतःच्या घराखाली काय आहे, ते मात्र मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी न्हाणीघराच्या जाळीतून पाणी उलटं वर आलं. काळं, कोमट, वर फेस असलेलं. माझी भाची नऊ महिन्यांची, नुकतीच रांगायला लागलेली. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती आणि एक हात त्या पाण्यात होता. वहिनीनं तिला उचललं, तीनदा आंघोळ घातली, आणि मग दादाला फोन करून एवढंच म्हणाली की आज लवकर ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी उपसणारी गाडी आली. गाडी चालवणारे आणि टाकी उपसणारे काका एकच. गावात सगळे त्यांना टाकीवाले काका म्हणतात. त्यांनी दादाच्या मदतीनं झाकण सरकवलं, एका लांब काठीच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळलं आणि काठी सावकाश तळापर्यंत नेली. बाहेर काढली तेव्हा फडक्याचा खालचा वीतभर भाग काळा होता, बाकी नुसता ओला. मला ती पद्धत फार आवडली. एवढं साधं मोजमाप आणि एवढं स्पष्ट उत्तर.

"गाळ जेमतेम वीतभर आहे," काका म्हणाले. "ही टाकी मैल्यानं नाही मरत, ताई. पाण्यानं मरतेय."

मग त्यांनी मला समजावलं आणि मी ऐकत राहिले. टाकीत काहीच करायचं नसतं, हेच तिचं काम. पाणी आत येतं आणि स्थिर होतं. जड ते खाली बसतं, तेलकट ते वर तरंगतं, आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी हळूहळू पुढे खड्ड्यात जातं. याला एक-दोन दिवसांची उसंत लागते. पाणी जास्त आलं की उसंत मिळत नाही. न बसलेला गाळ पाण्याबरोबर खड्ड्यात जातो, मातीची छिद्रं बुजतात, आणि एकदा ती बुजली की माती पाणी पीत नाही. लोक दर महिन्याला उपसायला बोलावतात, काका म्हणाले, पण उपसून काय होणार, रोग म्हशीला आणि औषध पखालीला. आमच्या टाकीला दिवसाला सातशे लिटरच्या आत पाणी गेलं तर खड्डा सावरेल. नाहीतर दुसरा खणावा लागेल. दुसऱ्या खड्ड्याला आमच्याकडे जागा नव्हती. कुठेही खणला तरी शेजाऱ्यांची विहीर पंधरा मीटरच्या आत येत होती, आणि त्या विहिरीचं पाणी मीच दर वर्षी तपासते.

"एवढं पाणी येतंय कुठून?" काकांनी विचारलं. "घरात कुठे काही गळतंय का?"

त्याच वेळी मागच्या दारातून आई बाहेर आली. दोन्ही हात कोपरात वाकवून वर धरलेले, बोटं ताठ, आणि कोपरांवरून पाणी ठिबकून तिच्या गाऊनचा पुढचा भाग चिंब. आतला नळ तसाच वाहत होता; त्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. आम्ही चौघांनी तिच्याकडे पाहिलं. काकांचा प्रश्न तिथेच राहिला. पुन्हा कोणी तो विचारला नाही आणि कोणी त्याचं उत्तरही दिलं नाही, कारण उत्तर चालत बाहेर आलं होतं.

"सिस्टर, बऱ्या आहात ना?" काकांनी मान झुकवून विचारलं. त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी आई तिथे होती.

आई म्हणाली, "बाहेर थांबा. अजून वेळ आहे."

आईनं एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं. दोन वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. आधी शब्द गेले, मग चेहरे, मग आम्ही. गेल्या सहा महिन्यांत ती पुन्हा कामावर जायला लागली होती, म्हणजे मनात. दिवसातून आठ-दहा वेळा ती हात धुवायची. आधी नखं, मग प्रत्येक बोटाच्या चारी बाजू, तळवा, मनगट, शेवटी कोपर, आणि पुन्हा पहिल्यापासून. मग हात वर धरून उभी राहायची, कोणीतरी हातमोजे चढवावेत म्हणून. नळ बंद करायची नाही. थिएटरमधले नळ कोपरानं बंद होतात. आमच्या नळाला ती कोपर मारायची, आणि तो बंद झाला असं समजून निघून यायची. तिची चूक अशी काहीच नव्हती. तिच्या हातांना सगळं येत होतं, फक्त नळ दुसऱ्या घराचा होता.

त्याच सुमारास तिचे गुडघेही दुखायला लागले होते, म्हणून दादानं तिच्या खोलीला लागून एक छोटं संडास करून घेतलं होतं. बसायला उंच, बाजूला धरायला दांडा. बेसिनही तिथेच. दादानं बरंचसं काम सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं केलं, आणि झाल्यावर आम्हा सगळ्यांना बोलावून फ्लशची कळ दाबून दाखवली होती. वहिनी म्हणाली होती, उद्घाटनाला फीत आणायची राहिली.

मी वही केली. रोज सकाळी आठला, कामावर निघण्याआधी, फाटकाजवळचा पाण्याचा मीटर वाचायचा आणि त्यातून आदल्या दिवसाचा आकडा वजा करायचा. पहिल्या आठवड्याची सरासरी आली चौदाशे पन्नास लिटर. मग मी त्याचे भाग पाडले. आंघोळीच्या बादल्या मोजल्या, कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी एकदा बादलीत घेऊन मोजलं, फ्लश किती वेळा होतो त्याची सगळ्यांकडून नोंद घेतली. वहिनी दर वेळी स्वयंपाकघरातून मोठ्यानं ओरडून सांगायची, "शास्त्रज्ञबाई, लिहा, एक." सगळं मिळून पाचशे ऐंशी झाले. आईचा नळ मी भांडं आणि घड्याळ घेऊन मोजला: मिनिटाला सात लिटर. रविवारी दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवलं तेव्हा तिचे पावणेचारशे भरले.

बेरीज साडेनऊशेच्या आसपास होत होती. मीटर चौदाशे पन्नास दाखवत होता. मधले पाचशे लिटर मला सापडत नव्हते.

आई रात्रीही दोन-तीनदा उठायची, हे आम्हाला माहीत होतं. ते पाचशे मी तिच्या रात्रीत टाकले. वहीत मी तसं लिहिलं: आई, दिवसा, मोजलेले; आई, रात्री, अंदाजे. आकडे जुळले. आकडे जुळले की माणूस पुढचे प्रश्न विचारायचं थांबतं, हे मला आता माहीत आहे.

पुढचा महिना आम्ही पाण्याच्या हात धुवून मागे लागलो. बाळाचे कपडे एकाच दिवशी न धुता आठवडाभर पसरले. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना. छपराचं पाणी शोषखड्ड्याजवळ पडत होतं, ती नळी दादानं वळवून कुंपणाकडे नेली. आईच्या बेसिनखालचा कॉक मी अर्धा बंद केला. नळातून बोटाएवढी धार यायची ती काडीएवढी झाली. आई त्या धारेखाली हात धरून उभी राहायची आणि मान तिरकी करून बघायची. मग ती स्वयंपाकघराच्या नळाकडे जायला लागली, म्हणून मी तिथेही लक्ष ठेवायला लागले.

"पेशंट टेबलावर आहे," तिनं मला एकदा समजावून सांगितलं. चिडून नाही, नव्या मुलीला सांगावं तसं. "एवढ्या पाण्यात नाही होत, बाई."

मी तिला म्हटलं की आई, टाकी भरते. तिनं मान हलवली. दहा मिनिटांनी ती पुन्हा नळाशी होती. मी पुन्हा सांगितलं. मी सांगण्यात कधी कंटाळा केला नाही, आणि आता मला त्याचंच वाईट वाटतं. दिवसातून वीस वेळा, त्याच शब्दांत, आधी हात धरून, मग नुसतं दारातून, आणि शेवटच्या दिवसांत जरा चढ्या आवाजात: पाण्याला हात लावायचा नाही, टाकी भरते. तिला रोजचं काही लक्षात राहत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यामुळे मला वाटायचं की मी पाण्यावर लिहितेय.

महिनाअखेरीस मीटर आला अकराशे तीसवर. आमचे सगळ्यांचे मिळून चारशे ऐंशी, आईचे दिवसाचे दीडशे, आणि उरलेले पुन्हा पाचशे. सगळं कमी झालं होतं, ते पाचशे तेवढे जागचे हलले नव्हते. मी ते पुन्हा रात्रीच्या रकान्यात लिहिले.

वहिनी त्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन माझ्या वहीत डोकावत होती. ती म्हणाली, "मला तर रात्री नळाचा आवाज येत नाही. हिच्यामुळे मी अर्धी रात्र जागीच असते. त्या उठतात, फेऱ्या मारतात, पुन्हा झोपतात. नळ एखाद वेळी."

मी म्हटलं की मग मीटर खोटं बोलतोय का.

"मी कुठे तसं म्हणतेय," ती म्हणाली. "तुमचं शिक्षण तुमच्याजवळ. मी कानानं ऐकलं ते सांगितलं."

मी तिला समजावलं, तेही शांतपणे, की झोपेत आणि बाळाच्या रडण्यात माणसाचे कान पक्के नसतात, मीटर पक्का असतो. मीटर खरोखरच पक्का होता. चूक त्याची नव्हती.

पुढच्या आठवड्यात न्हाणीघराच्या जाळीतून पुन्हा पाणी वर आलं. दोन दिवसांनी बाळाला जुलाब सुरू झाले, आणि डॉक्टरांनी घरातल्या सांडपाण्याबद्दल विचारलं. तिला सलाईन लावावं लागलं. एवढासा हात, त्याला फळी बांधलेली. टाकीवाले काका पुन्हा आले, काठी घालून पुन्हा फडकं दाखवलं. काहीच बदल नव्हता. असंच दोन महिने चाललं तर खड्डा गेला म्हणून समजा, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. आई पलीकडच्या खुर्चीत कागदी रुमालांच्या घड्या घालत होती, एकसारख्या, कडेला कड लावून. वहिनीनं सुचवलं की ती बाळाला घेऊन महिनाभर माहेरी जाईल, तोवर काहीतरी मार्ग निघेल. मग मी वही उघडली आणि आकडे वाचून दाखवले. बाळ माहेरी गेलं तर साठ लिटर कमी होतील. आई इथे नसली तर साडेसहाशे. सातशेच्या आत येण्याचा दुसरा रस्ताच नव्हता. विस्मरणाच्या रुग्णांसाठी एक चांगलं केंद्र आहे, तिथे चोवीस तास माणसं असतात, हेही मी आधीच बघून ठेवलं होतं. मी हे सगळं क्रमानं सांगितलं. माझा आवाज नीट होता. दादा माझ्याकडे बघत होता, निकाल लावणाऱ्या मास्तराकडे बघावं तसं.

"तुझी खात्री आहे ना?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "आकडे समोर आहेत."

वहिनी उठली आणि आईसमोरचे घड्या घातलेले रुमाल उलगडून पुन्हा तिच्यासमोर ठेवले, म्हणजे तिचं काम संपू नये.

आई गेली त्या सकाळी खूश होती. तिला वाटलं ड्युटी लागली आहे. तिनं पांढरे बूट मागितले. ते केव्हाच देऊन टाकले होते, म्हणून वहिनीनं स्वतःचे कापडी बूट तिला घातले. गाडीत बसताना तिनं मला विचारलं की ड्युटी दिवसाची की रात्रीची. मी म्हटलं, दिवसाची. "मग संध्याकाळी येते," ती म्हणाली, आणि दादाला म्हणाली की चला, उशीर नको.

त्यानंतर मी मीटर वाचणं सोडलं. वाचायची गरज नाही असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे एक मोठी वजाबाकी मला बघायची नव्हती. दर रविवारी मी आणि दादा तिला भेटायला जायचो. केंद्र स्वच्छ होतं, माणसं प्रेमळ होती. तिच्या खोलीतल्या बेसिनच्या नळांचे फिरवायचे कान काढून ठेवलेले होते. हात पुसायला ओल्या कागदी रुमालांचं पाकीट होतं. पहिल्या रविवारी ती बेसिनपाशी उभी होती. दुसऱ्या रविवारी खिडकीशी. तिसऱ्या रविवारी पलंगावर, हात मांडीवर ठेवून. तिथली मुख्य परिचारिका म्हणाली की सुरुवातीला फार अस्वस्थ होत्या, आता छान रुळल्या आहेत, पाणी मागत नाहीत.

आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, एका शनिवारी सकाळी, न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी वर आलं.

वहिनीनं मला हाक मारली. आम्ही दोघी दारात उभ्या राहून ते बघत होतो. मग मी फाटकाशी जाऊन मीटर वाचला, वही काढली, त्यातून तीन आठवड्यांपूर्वीचा आकडा वजा केला, दिवसांनी भागलं. नऊशे तीस. आईशिवाय नऊशे तीस.

प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. कुठलाही नमुना तपासण्याआधी कोरा नमुना चालवायचा. म्हणजे ज्यात काहीच नाही असं शुद्ध पाणी यंत्रातून घालायचं, आणि यंत्र काय दाखवतं ते बघायचं. शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर दोष यंत्रात किंवा भांड्यात आहे, नमुन्यात नाही. मी हे रोज करते. माझ्या हाताखालच्या दोन मुलींना मीच शिकवलं आहे. घरात मी सव्वा महिना वही भरली आणि कोरा नमुना एकदाही घेतला नाही. सगळे नळ बंद करून एक तास थांबायचं, एवढंच करायचं होतं. मला गरज वाटली नाही, कारण पाणी कुठून येतंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्या शनिवारी मी तो तास घेतला. दादाला आणि वहिनीला सांगितलं की कुठलाही नळ, कुठलाही फ्लश नको. मीटरसमोर मी स्टूल टाकून बसले. मीटरचा छोटा लाल काटा हळूहळू, अजिबात न थांबता फिरत होता. तासात एकवीस लिटर. एकवीस गुणिले चोवीस, पाचशे चार.

मग शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. घरात कुठे ओल नव्हती, कुठे आवाज नव्हता. मी कामावरून आणलेले पोटॅशियम परमँगनेटचे चार खडे घेतले आणि एकेक संडासाच्या फ्लशच्या टाकीत टाकत गेले. दोन ठिकाणी काहीच झालं नाही. आईच्या खोलीतल्या त्या उंच संडासात, भांड्याच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवरून, दोऱ्याएवढी जांभळी रेघ उतरायला लागली. इतकी बारीक आणि भिंतीला इतकी चिकटून की रंग नसता तर ती दिसलीच नसती. टाकीच्या आतला तरंगता गोळा वाकडा बसला होता. पाणी भरल्यावर तो पुरवठा बंद करायचा, तो पुरता बंद करत नव्हता, आणि जास्तीचं पाणी आतल्या उभ्या नळीतून गुपचूप खाली जात होतं. दिवसरात्र, आठ महिने. आईनं हात धुवायला सुरुवात केली त्याच महिन्यापासून.

दादा कितीतरी वेळ ती रेघ बघत उभा होता. ते संडास त्यानं बसवलं होतं. मी त्याला म्हटलं की तुझी चूक नाही, असं कोणाच्याही हातून होतं. तो म्हणाला, "गोळा वाकडा मी बसवला. पण आईला..." ते वाक्य तो माझ्यासाठी अर्धं ठेवत होता, हे मला कळलं.

वहिनी दारातून म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला सुळी." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मग ती म्हणाली, "गाडी काढा."

पण लगेच आणता आलं नाही. दादानं त्याच दिवशी गोळा बदलला, तरी खड्ड्यात आधीचं पाणी साचलेलं होतं आणि न्हाणीघर वापरता येत नव्हतं. टाकीवाले काका म्हणाले की पंधरा दिवस द्या, माती सुकू द्या, आतलं कुजून छिद्रं मोकळी होऊ द्या. मी त्यांना सगळं सांगितलं. ते फडकं पिळत होते. "मी विचारलं होतं ना ताई, गळतंय का म्हणून," ते म्हणाले. आणि मग स्वतःच म्हणाले, "मीही मग पुढे नाही विचारलं. सिस्टर समोर आल्या ना." ते पंधरा दिवस मी रोज मीटर वाचला. चारशे दहा, चारशे तीस, तीनशे नव्वद. अंगणातला हिरवा तुकडा कडेकडेनं पिवळा पडत गेला.

आईला आम्ही एका मंगळवारी दुपारी घरी आणलं. दादानं आणि मी सुट्टी घेतली होती. वहिनीनं तिच्या खोलीतली चादर बदलली होती, बेसिनखालचा कॉक पूर्ण उघडून ठेवला होता, आणि साबणाची नवी वडी काढली होती. आई खूप हलकी झाली होती. गाडीतून उतरताना मी तिला दंडाला धरलं तेव्हा माझी बोटं एकमेकांना जवळजवळ टेकली. ती घरात आली, सगळीकडे बघून घेतलं, आणि पाहुणी बसावी तशी खुर्चीच्या कडेवर बसली.

तासभर तिनं काही मागितलं नाही. मी तिची वाट बघत होते. दर वेळी ती जराशी हलली की मला वाटायचं, आता उठेल. शेवटी मीच तिला हात धरून बेसिनकडे नेलं आणि नळ सोडला. पूर्ण धार, मिनिटाला सात लिटर. पाणी बेसिनवर आपटून तिच्या गाऊनवर उडालं. ती एक पाऊल मागे सरली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी म्हटलं, "आई, हात धुवायचेत ना? पेशंट थांबलाय."

"नको," ती म्हणाली. "मला पाण्याला हात लावायचा नाही."

मला केंद्रातल्या त्या कान काढलेल्या नळांची आठवण झाली. मी विचारलं, "कोणी सांगितलं?"

"माझ्या मुलीनं." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मला कितपत सांगावं याचा अंदाज घेत. "टाकी भरते. तिला कळतं त्यातलं. खूप शिकली आहे ती."

वहिनी दारात उभी होती. ती बाळाला घेऊन मागच्या मागे वळली आणि बाहेर गेली.

मी म्हटलं, "तीच म्हणाली, आता चालेल. टाकी नीट झाली."

आईनं जरा विचार केला. तिचा चेहरा बदलला आणि क्षणभर ती पूर्वीची झाली, थिएटरच्या दारात कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही हे ठरवणारी. "तिला येऊ दे," ती म्हणाली. "तिच्या तोंडून ऐकते. मग बघू."

"येईलच ती."

"कामावर असेल. उशीर होतो तिला कधी कधी." आणि मग ती खोलीतल्या पलंगावर जाऊन बसली आणि, मला बरं वाटावं म्हणून, तिनं जरा सरकून शेजारी जागा केली. "बस ना. उभी किती राहशील."

मी नळ बंद केला आणि तिच्या शेजारी बसले.